ऑक्सिजन सेन्सर खरं सांगत होता

मानपाड्याच्या सिग्नलला गाडी थांबली की स्टिअरिंग थरथरायला लागायचं, आरपीएमचा काटा खाली जायचा, परत वर यायचा, आणि एसी लावला असेल तर एकदोनदा गाडी बंदच पडली. घोडबंदर रोडला मागून टँकर हॉर्न मारत असताना गाडी बंद पडली की काय होतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मग चेक इंजिनची पिवळी लाईट लागली.

गॅरेजमध्ये नेली, स्कॅनर लावला, कोड आला पी 0171, म्हणजे मिक्श्चर लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. "मॅडम, ऑक्सिजन सेन्सर गेलाय." साडेचार हजार देऊन नवीन बसवला. चार दिवसांनी कासारवडवलीला लाईट परत हजर.

खरंच वाईट वाटलं, पैशांपेक्षा याचं की कोणी काही तपासलंच नव्हतं. या कोडमध्ये सेन्सर खराब आहे असं कुठे लिहिलेलं नसतं. सेन्सर एवढंच सांगतो की जळून बाहेर येणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त आहे. तो जास्त का आहे हे आपण शोधायचं असतं.

तर ब्लूटूथवाला छोटा ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा स्कॅनर) घेतला, मोबाईलला जोडला आणि फ्युएल ट्रिम बघायला लागले. ट्रिम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन असतात, दोघांची बेरीज बघायची. शून्याच्या आसपास असेल तर छान, अधिक 10 च्या वर गेला की शंका घ्यायची, आणि 20-25 च्या पुढे बहुतेक गाड्या लाईट लावतात कारण कॉम्प्युटरची भरपाई करायची ताकदच संपत आलेली असते. त्यानंतरही लीनच राहिलं तर इंजिन मिसिंग मारतं, नॉकिंग होतं, मिसिंगमुळे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब होऊ शकतो, म्हणून हे अंगावर काढू नये.

माझा आकडा आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, 23. अॅक्सिलरेटर दाबून 2500 आरपीएमवर धरलं तर हळूहळू 9 वर आला. इथेच अर्धं उत्तर मिळालं! एका कप चहात दोन चमचे पाणी जास्त पडलं तर लगेच कळतं, पण तेच दोन चमचे पातेलंभर चहात गेले तर पत्ता लागत नाही. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद, इंजिन हवा कमी घेतं आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे झडपेपासून सिलिंडरपर्यंतच्या हवेच्या वाटेत, व्हॅक्युम जोरात, त्यामुळे कुठे चीर असेल तर तिथून घुसलेली हवा एकूण हवेत मोठा हिस्सा खाते. रेस केल्यावर तोच हिस्सा किरकोळ होतो. याच्या उलट असतं, म्हणजे रेस केल्यावर किंवा चढावर ट्रिम वाढला असता, तर मी पेट्रोल पंप, फिल्टर नाहीतर मळलेला एअर फ्लो सेन्सर याच्या मागे लागले असते. माझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या डब्याजवळ आहे, त्याच्या पुढे जी हवा चोरून आत येते ती मोजलीच जात नाही. (काही गाड्यांत हवा मॅप सेन्सरवरून, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबावरून ठरते, तिथे अशी गळती असली तर ट्रिमपेक्षा आयडल वाढलेलं दिसतं, ते लक्षात ठेवा.)

आता चीर शोधायची कशी. रविवारी बाबा नौपाड्याहून आले होते. त्यांनी कित्येक वर्षं पद्मिनी चालवली, कार्बोरेटर स्वतः खोलायचे. बोनेट उघडलं, दोन मिनिटं नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, हवा ओढतेय ही. झाडांना पाणी घालायचा पाईप आण." हातभर तुकडा कापला, एक टोक माझ्या कानाला लावलं आणि दुसरं इंजिनवर हळूहळू फिरवायला लागले. इंजेक्टरची टकटक, बेल्टची घरघर, आणि मग व्हॉल्व्ह कव्हरवरून (इंजिनच्या वरच्या झाकणावरून) मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीच्या वळणाखाली एकदम स्पष्ट, शूऽऽऽ.

त्या जागी स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारलं. आवाज क्षणभर दबला, इंजिन सावरलं, परत शूऽऽऽ. बरेच लोक इथे कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात, पण तो पेट घेतो, गरम इंजिनवर मी तरी मारणार नाही. आणि चालू इंजिनजवळ ओढणी, वेणी, सैल बाही काहीही नको, रेडिएटरचा फॅन न सांगता सुरू होतो.

इंजिन बंद करून थंड होऊ दिलं, पकडीने क्लॅम्प सरकवून नळी काढली. वरून अगदी नव्यासारखी. पण आतून ऑइलच्या वाफेने फुगून मऊ पडलेली, आणि बाबांनी ती वाकवल्यावर खालच्या बाजूला नखाएवढी चीर तोंडासारखी उघडली. सरळ ठेवली की बंद! म्हणून नुसतं बघून कधीच सापडली नसती.

टेप गुंडाळू नका, ऑइलने सुटते. साधी सरळ नळीही नको, वळणावर चिमटते आणि व्हॅक्युमने चपटी होते. त्याच आकाराची ओरिजिनल मागवली, 280 रुपये, दोन नवे क्लॅम्प, काम वीस मिनिटांचं. कोड क्लिअर केला आणि गायमुखपर्यंत जाऊन आले.

तीन दिवसांनी लाँग टर्म 6 वर स्थिरावला. बाबांचा लगेच फोन, "शून्य का नाही?" कारण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने एक भाग इंधनामागे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त 9, म्हणजे या मिश्रणाला साधारण साडेतेरा. माझी गाडी 2012 ची, तिचा हिशोब जुन्या पेट्रोलचा, त्यामुळे कॉम्प्युटरला थोडं जास्त सोडावंच लागतं. हे सगळं ऐकून बाबा म्हणाले ठीक आहे, पण पुढच्या रविवारी ब्रेक बूस्टरची व्हॅक्युमची नळीपण ऐकून बघू, ती पण तितकीच जुनी आहे. पाईपचा तुकडा डिकीतच ठेवलाय.