खालची ओळ

दुपारी बेळगावात टिळकवाडीला आत्याकडं गेले, तर तिनं नऊवारींच्या तळातून रेल्वेच्या माणसांचा एक फोटो काढला. मागं खानापुरी कौलांचं छप्पर, तीन ओळींत माणसं, सगळी फोटोवाल्यावर रागावलेली. "ह्यात बाबा कुठले, सांग बघू."

पाठीमागं तारीख नाही, नावं नाहीत. एकाच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला भिंगातून वाचला: एम. अँड एस. एम. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे! म्हणजे १९०८ नंतरचा आणि १९५१ मध्ये सदर्न रेल्वे झाली त्याच्या आधीचा. आत्या म्हणाली, "एवढं मीपण सांगितलं असतं की."

तिचं बोट खुर्चीवरच्या कोटवाल्यावर. नाकावरून. ते नाक मागच्या ओळीत आणखी दोघांना होतं, पण त्यांना कोट नव्हता.

मला जुन्या फोटोत आधी पाय बघायची खोड. चेहरा सगळेच सावरतात, पाय सावरायचं कुणाला सुचत नाही. खुर्चीवाल्यांना बूट. खाली मांडी घालून बसलेले सगळे अनवाणी, आणि त्यांतल्या एकाच्या मांडीवर लांब दांड्याचा हातोडा. कीमन असणार. आपल्या हद्दीतला रूळ रोज चालत तपासायचा, रूळ घट्ट धरणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकायची.

आज्जा मला बोटाला धरून शनिवार खुटावर न्यायचा. पावलं आखूड, एकसारखी, डांबरी रस्त्यावरही पायाखाली रुळांचे आडवे स्लीपर असल्यासारखी. मी पुढं पळाले तरी ह्याची चाल बदलायची नाही. वाटेतला प्रत्येक खांब काठीनं ठोकायचा, जरा थांबून आवाज ऐकायचा, मग पुढं. लोक बघायचे. आज्जी मुद्दाम चार पावलं मागं राहायची, आपला काही संबंध नाही अशी. नव्वदच्या दशकात इथले मीटर गेजचे रूळ निघाले, तोवर आज्जा गेलेला.

हे सगळं आत्याला सांगितलं.

"संधिवात होता त्यांना," ती म्हणाली. "आणि आमचे बाबा खाली बसतील काय गं?"

फ्रेमवाल्यानं फोटो उजेडात धरला. "खालचा भाग ओलीनं गेलाय. तेवढी ओळ कापूया काय? छान बसतंय मग."

नको म्हटलं. मोठी फ्रेम लागली, पैसेही जास्त गेले. कोटवाला बरोबर मध्यभागी आला म्हणून आत्या खूश आहे.