पीकेएक्झेकमधलं भगदाड आणि "लोकलच आहे ना" म्हणणारे लोक

लिनक्समध्ये लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशनचा बग, म्हणजे आत आलेल्या साध्या युजरला सगळे अधिकार मिळवून देणारी चूक, निघाली की कोणीतरी म्हणतंच, अरे लोकलच आहे ना, आधी आत तर यायला पाहिजे. मला हे अजिबात पटत नाही. वेबसाइटच्या एखाद्या फालतू प्लगइनमधून साधा युजर म्हणून आत आलेला माणूस याच बगची वाट बघत असतो.

पॉनकिट नावाच्या बगचंच घ्या. २५ जानेवारी २०२२ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केलं, नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२१-४०३४. पोलकिट या परवानग्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला पीकेएक्झेक हा प्रोग्राम सेटयुआयडी रूट असतो, म्हणजे कोणीही चालवला तरी रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) हक्कांनी चालतो, आणि उबुंटू, डेबियन, फेडोरा, सेंटओएस सगळीकडे डिफॉल्ट इन्स्टॉल व्हायचा. बग मे २००९ पासूनचा, म्हणजे पहिल्या व्हर्जनपासूनच!

चूक बघा किती साधी आहे. प्रोग्रामला सुरू होताना आर्ग्युमेंटची यादी मिळते, त्यातलं पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे प्रोग्रामचं स्वतःचं नाव, ते असणारच असं सगळे धरून चालतात, पण प्रोग्राम सुरू करणाऱ्या एक्झेकव्हीई कॉलला रिकामी यादी दिली तरी कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालवून घ्यायचा. मग पीकेएक्झेक यादीच्या पुढचं वाचायला जातो, आणि मेमरीत तिथे लगेच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (चालवणाऱ्याने प्रोग्रामला दिलेली सेटिंग्ज) सुरू होतात, तो तिथूनच वाचतो आणि वर तिथेच लिहितोही. सेटयुआयडी प्रोग्राम सुरू होताना लोडरने (प्रोग्राम मेमरीत आणणाऱ्या भागाने) जीकॉन्व्ह_पाथसारखी, म्हणजे कॅरॅक्टरसेट बदलणारी लायब्ररी कुठून घ्यायची ते ठरवणारी, धोकादायक व्हेरिएबल्स आधीच काढून टाकलेली असतात, ती अशी मागच्या दाराने परत आत येतात. त्यानंतर एक एरर मेसेज छापायला लावायचा, कॅरॅक्टरसेट बदलायच्या निमित्ताने हल्लेखोराची लायब्ररी लोड होते, आणि झाला रूट. पासवर्ड नाही, रेस कंडिशन नाही (म्हणजे नेमकी वेळ साधायची भानगड नाही), दरवेळी चालतं. हे शेवटचं मला सगळ्यात भयानक वाटतं.

ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे चालतच नाही कारण त्यांचा कर्नल रिकामी यादी सरळ नाकारतो. लिनक्समध्ये याच रिकाम्या यादीबद्दल २००८ सालीच तक्रार नोंदवलेली होती पण तेव्हा एकमत झालं नाही म्हणून ते तसंच राहिलं, आणि शेवटी ५.१८ या व्हर्जनमध्ये कर्नल स्वतःच एक रिकामी स्ट्रिंग घालून द्यायला लागला. माझ्या मते हाच खरा इलाज, कारण प्रत्येक प्रोग्राम लिहिणारा ही तपासणी लक्षात ठेवून करेल यावर विसंबून कसं चालेल.

अजून कुठे जुना, पॅच न केलेला सर्व्हर चालू असेल तर पोलकिट आज अपडेट करा, लगेच जमत नसेल तर निदान पीकेएक्झेकचा सेटयुआयडी बिट तरी काढून ठेवा, त्या फाइलवर सीएचमॉड ०७५५ ही कमांड चालवली की झालं.