झिरो तिकीट, चार फेऱ्या आणि एक सही

नाव लिहीत नाही, गावही नाही, कर्नाटकातला, बेळगावजवळचा खानापूर तालुका एवढं पुरे. दोन पोरं आहेत, धाकटा अडीच वर्षांचा, तिसरं नको हे आमचं दोघांचं कधीच ठरलेलं. पण व्हायचं ते झालं, कंडोम फाटला, पाळी चुकली आणि किटवर दोन रेघा आल्या. नवरा गोव्यात कामाला, फोनवर म्हणाला तू म्हणशील तसं करूया.

आधी बेळगावात एका प्रायव्हेट दवाखान्यात गर्भपाताचं विचारलं. स्कॅनिंग, गोळ्या, फी सगळं मिळून ७,००० सांगितले. मी घरी शिलाई करते, ब्लाऊजला २०० घेते, तिथं बाकावर बसूनच हिशोब केला, ३५ ब्लाऊज! कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० येतात घरात, पण रेशन कार्डावर घरच्या प्रमुख सासूबाई म्हणून ते त्यांच्या खात्यावर, आणि सासूबाईंना तर कळूच द्यायचं नव्हतं.

शेवटी आशाताईंना गाठलं. त्या म्हणाल्या सरकारी दवाखान्यात हे फुकट होतंय की, घाबरतीस कशाला. मला खरंच माहीत नव्हतं. प्रत्येक दवाखान्यात 'गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे' हा बोर्ड बघून बघून मला वाटायचं गर्भपात करणंच गुन्हा आहे. आणि असं वाटणाऱ्या माझ्या ओळखीत अजून चार जणी निघाल्या. तो कायदा वेगळा, हा वेगळा. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, साधन फेल गेलं हे कारण त्यात चालतं, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि २०२१ च्या बदलापासून लग्न न झालेलीलासुद्धा ते कारण देता येतं. फक्त गोळ्यांनी करायचं असेल तर ९ आठवड्यांच्या आत जायला लागतं. मला सातवा चालू होता.

सोबतीला चंदगडहून आक्काला बोलावलं. ती तिकडून हद्दीपर्यंत एस.टी.ने हाफ तिकिटावर आली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बसमध्ये मला कंडक्टरने झिरो तिकीट, म्हणजे फुकटचं, दिलं आणि तिचं आधार महाराष्ट्राचं म्हणून तिचं पूर्ण तिकीट फाडलं. दोघी सख्ख्या बहिणी एकाच सीटवर, हसावं की रडावं. पण खरं सांगते, २०२३ ला कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट करणारी ही शक्ती योजना आली नसती तर चार फेऱ्यांचं भाडं मी कुठल्या नावाखाली मागितलं असतं?

पहिल्या दिवशी केसपेपर, रक्त, लघवी, आणि स्कॅनिंगचा नंबर लागेपर्यंत दीड वाजला. मग सिस्टरने एक फॉर्म पुढं केला, अख्खा कन्नडमध्ये, आणि विचारलं, 'गंड एल्ली?' नवरा कुठाय. म्हटलं गोव्यात. 'गंडन सही बेकु.' कन्नड मला बाजारापुरतं येतं पण सही हा शब्द दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे तेवढं लगेच कळलं. मी म्हटलं फोन लावून देते, तर नको, सहीच पाहिजे, नाहीतर तो आल्यावर या. तो येणार गणपतीला! तोपर्यंत नऊ आठवडे कधीच उलटून गेले असते.

आशाताईंनी पढवून पाठवलं होतं म्हणून बरं. मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हटलं की बाई १८ च्या वरची असेल तर तिची एकटीची सही चालते, नवऱ्याची लागत नाही, डॉक्टरांना विचारा. सुप्रीम कोर्टानेही २०२२ मध्ये सांगितलंय की घरच्यांची संमती वगैरे जादा अटी डॉक्टरांनी घालू नयेत, पण एवढं बोलण्याइतकं कन्नड माझ्याकडे नाही आणि सिस्टरकडे ऐकायला वेळ नव्हता. ती आत गेली. पंधरा मिनिटांनी डॉक्टरबाईंनीच बोलावलं, त्या मराठीत बोलल्या, फॉर्म वाचून दाखवला, सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं. नवऱ्याचा विषयच निघाला नाही. म्हणजे जे लागतच नव्हतं त्याच्यासाठी माझी दुपार गेली, आणि मला माहीत नसतं तर मी निमूटपणे घरी परतले असते.

बाकी उपचारात खोट काढायला जागा नाही. दुसऱ्या फेरीत एक गोळी समोर गिळायला लावली, दोन दिवसांनी पुढच्या गोळ्या देऊन चार तास बसवून ठेवलं. पोटात कळा जोराच्या आल्या, रक्त पाळीपेक्षा बरंच जास्त, आक्का पाठ चोळत बसली होती. किती पॅड भिजले तर लगेच परत यायचं तेही नीट सांगितलं. मेडिकलमधून आणून घरात गुपचूप गोळ्या घेतात त्यांना हे कोण सांगणार?

पंधरा दिवसांनी परत स्कॅनिंग, सगळं साफ. तिथं मागं लागले की दोन पोरं आहेत तर ऑपरेशनच करून टाका. मी नको म्हटलं. मग दिवस राहू नयेत म्हणून देतात ते अंतरा इंजेक्शन घेतलं, तीन महिन्यांनी एक, तेही फुकट.

चार फेऱ्यांत माझा खर्च म्हणजे आक्काचं तिकीट, पॅड आणि दोन वेळचा चहा-इडली. सासूबाईंना सांगितलं अंगावरून जास्त जातंय म्हणून दाखवायला जाते, खोटं तरी कुठं होतं.

त्यांनी एकदा अंतराचं कार्ड उलटसुलट करून बघितलं, सगळं कन्नड, ठेवून दिलं. इतके दिवस कन्नड कागदांच्या नावाने मी बोटं मोडत होते आणि त्या दिवशी त्यानेच वाचवलं. पण थोरली पाचवीत आहे, तिला आता फडाफडा कन्नड वाचता येतं, म्हणून कार्ड मी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डब्याखाली घातलंय.