आरएक्स १००: पांढऱ्या धुराचं कारण सापडलं

मागच्या वेळी लिहिलं होतं की गाडी स्टार्ट झाली पण धूर काही केल्या कमी होत नाही, तर त्याचं कारण सापडलं आणि मी ज्याच्या मागे लागलो होतो ते नव्हतंच.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, ही मामांची १९८९ ची यामाहा आरएक्स १०० बाईक, मालवणजवळ घराच्या पडवीत नऊ वर्षं उभी होती. खाऱ्या वाऱ्याने स्पोक आणि सायलेन्सरचा क्रोम खाल्ला हे डोळ्याला दिसतं, पण रबराचं काय झालं ते आत बघितल्याशिवाय कळत नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर टू-टी ऑईलही जळतं, त्यामुळे थोडा धूर असणारच, म्हणून दोन आठवडे मी टू-टी ऑईलचा पंप, त्याची केबल, सेटिंग यातच अडकलो. मग एका संध्याकाळी वास लक्षात आला. टू-टी जळल्याचा वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, हा वेगळाच होता, गिअर ऑईल जळाल्यासारखा. गिअरबॉक्सचं ऑईल मोजून टाकलं होतं ते काढून परत मोजलं तर चाळीसेक किलोमीटरमध्ये १५० मिली गायब, आणि खाली लादीवर एक थेंब नाही!

म्हणजे ते इंजिनच पीत होतं. टू-स्ट्रोकची क्रँककेस (पिस्टनखालचा बंद कप्पा) म्हणजे एक पंपच, पिस्टन वर गेला की खाली व्हॅक्यूम होतो आणि रीडमधून (एकाच बाजूला उघडणारी झडप) पेट्रोल-हवा आत येते, आता क्लचच्या बाजूचं क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीची रबरी कडी, कडक झालं असेल तर तोच व्हॅक्यूम गिअर ऑईल पण ओढणार. विरुद्ध, म्हणजे मॅग्नेटोच्या (वीज तयार करणारा भाग) बाजूचं गेलं तर ऑईल नाही, नुसती हवा ओढली जाते, धूर येत नाही पण मिक्श्चर लीन होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) पिस्टन जाम होतो, मला त्याची जास्त भीती होती.

खात्री करायला लीक टेस्ट केली. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं ट्यूबचं रबर आणि पट्टी लावून बंद केली, जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून त्यात निपल बसवला, त्याला आईचं जुनं डायलवालं बीपीचं मशीन जोडलं. पिस्टन अगदी खाली घ्यायचा म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलेंडरमध्ये जायच्या वाटा) उघडे राहतात. काटा ३०० वर नेला, म्हणजे साधारण ६ पीएसआय, याच्या वर जाऊ नका, सीलंच उलटायची. मिनिटभरात काटा २०० वर आला. हेडला साबणाचं पाणी लावलं, बेस गॅस्केटला लावलं, मॅग्नेटोकडे लावलं, कुठे काही नाही. मग गिअर ऑईलचं झाकण काढून भोकावर साबणाचा पडदा धरला आणि गिअरबॉक्सची हवा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी बोटाने दाबली. पडदा हळूहळू फुगत लिंबाएवढा झाला आणि फुटला. परत धरला, परत फुगला. इतका आनंद मला गाडी स्टार्ट झाली तेव्हा पण झाला नव्हता.

क्लच कव्हरच्या स्क्रूबद्दल एक सांगतो. डोक्यावर बारीक ठिपका असेल तर तो जेआयएस (जपानी मापाचा), आपला नेहमीचा स्टार स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि खाच गोल करतो. आधी कोणीतरी दोन स्क्रूंची तशीच वाट लावून ठेवली होती. जेआयएस बिट आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला, बाकीचे स्क्रू दोन-दोन ठोक्यांत सुटले.

क्लच उतरवला, प्रायमरी गिअर काढला, मागे सील. त्याची कड नखाने दाबली तर वाकायच्या ऐवजी कट्कन तुटली.

दोन्ही बाजूची सीलं नवीन टाकली, परत टेस्ट घेतली, सहा मिनिटं काटा जागचा हलला नाही. काल संध्याकाळी किक मारली, सुरुवातीला सायलेन्सरमधलं जुनं ऑईल जळेपर्यंत धूर आला, मग साफ. मामा ओटीवरून उठून आले, थोडा वेळ नुसते ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज तोच आसा रे."

रंगाला अजून हात लावणार नाही. आता टाकी, आत गंजाचे पापुद्रे आहेत. आमच्याकडे पितळेची भांडी बिंबलाने घासतात, झाड सध्या लगडलंय, त्याचाच रस भरून दोन दिवस ठेवून बघतो. फोटो टाकेन.