राज्यशास्त्राच्या एका जर्नलची सायटेशन्स मोजताना: माझा अनुभव

एम.लिब.च्या लघुशोधप्रबंधासाठी विषय ठरवायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी ग्रंथालयशास्त्राचीच नियतकालिकं धरली. मी राज्यशास्त्रातलं 'पोलिटिकल ॲनॅलिसिस' घेतलं. पदवीला माझा राज्यशास्त्र विषय होता. शिवाय मी ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते तिथले राज्यशास्त्राचे सर मतदारांच्या सर्वेक्षणांवर काम करतात, आणि त्यांना हवे असलेले लेख शोधताना मी फिरून फिरून याच जर्नलपाशी येत असे. ग्रंथमितीचा, म्हणजे एखाद्या जर्नलमधले लेख, लेखक आणि सायटेशन्स (इतर लेखांनी घेतलेले संदर्भ) मोजण्याचा, प्रबंध हाती घेणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून तो सगळा प्रवास लिहून ठेवते आहे.

आधी जर्नलविषयी. अमेरिकेतल्या 'सोसायटी फॉर पोलिटिकल मेथडॉलॉजी' या संस्थेचं हे मुखपत्र. पहिला खंड १९८९ चा. तेव्हा ते वर्षातून एकदा, मिशिगन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेकडून निघायचं. आठव्या खंडापासून ते त्रैमासिक झालं, मग ऑक्सफर्डकडे गेलं आणि २०१७ पासून केंब्रिजकडे आहे. यात निवडणूक कोण जिंकलं, लोकशाही कुठे खचली, असे लेख नसतात. अशा प्रश्नांची उत्तरं आकडेवारीतून काढायची कशी आणि ती कधी फसवी निघतात, यावर ते चालतं. आराखडा दाखवायला गेले तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "जर्नल पद्धतींचं आहे हे पहिल्याच पानावर दिसू दे. तुझे सगळे आकडे त्यामुळे वेगळे वागणार आहेत." ते वाक्य मी आराखड्याच्या समासात लिहून घेतलं. त्याचा खरा अर्थ पुढे कळत गेला.

माहिती गोळा करणं सोपं वाटतं; नाव टाकायचं आणि निकाल उतरवून घ्यायचे. पण 'पोलिटिकल ॲनॅलिसिस' हे शब्द इतके सर्वसाधारण आहेत की नावाने शोधलं तर भलतंच हाती येतं. कॉलिन हे यांचं २००२ चं पुस्तक याच नावाने ओळखलं जातं. रॉबर्ट डाल यांच्या १९६३ च्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावातही हेच दोन शब्द आहेत. दोन्ही पुस्तकांना भरपूर सायटेशन्स आहेत, आणि संदर्भयाद्यांमधून शोध घेतला की ती जर्नलच्या खात्यात येऊन बसतात. म्हणून शोध आयएसएसएनने, म्हणजे प्रत्येक नियतकालिकाला मिळणाऱ्या ओळखक्रमांकाने घ्यायचा: छापील अंकाचा १०४७-१९८७ आणि ऑनलाइन आवृत्तीचा १४७६-४९८९, दोन्ही लावून.

पुढचा गुंता डीओआयचा, म्हणजे प्रत्येक लेखाच्या कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांकाचा. प्रकाशक बदलत गेल्याने एकाच जर्नलच्या लेखांचे डीओआय तीन घाटांचे आहेत. २००१ च्या सुमाराच्या लेखांना ऑक्सफर्डने नंतर दिलेले लांबलचक क्रमांक, त्यानंतरच्या लेखांना आटोपशीर, पण दोन्ही १०.१०९३ नेच सुरू होणारे. आणि २०१७ पासून केंब्रिजचे, १०.१०१७ ने सुरू होणारे. फक्त शेवटच्या प्रकारावर गाळणी लावली तर अर्ध्याहून अधिक इतिहास गळून पडतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून सशुल्क डेटाबेसमधून नोंदी घेतल्या, घरी ओपनॲलेक्स या संशोधनलेखांच्या ऑनलाइन सूचीमधून त्याच नोंदी पुन्हा काढल्या आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून तपासल्या. ओपनॲलेक्स २०२२ च्या जानेवारीत सुरू झालं. ते सगळ्यांना मोफत आहे आणि त्यातली माहिती कुणीही वापरू शकतं. लहान गावातल्या महाविद्यालयात बसून प्रबंध करणाऱ्याला याचं मोल किती आहे ते मी मनापासून सांगते: सुट्टीच्या दिवशी, विद्यापीठात न जाता, माझं काम पुढे सरकलं ते त्यामुळेच.

लेखकांच्या नावांची साफसफाई कंटाळवाणी असते, तिच्याबद्दल फार लिहीत नाही. एकच व्यक्ती पूर्ण नावाने, आद्याक्षराने, मधल्या नावासह अशी वेगवेगळी येते. ते हाताने जुळवावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

संशोधनाचे कल शोधताना वेगळी अडचण आली. सुरुवातीच्या वार्षिक खंडांतल्या लेखांना लेखकांनी दिलेले की-वर्ड्सच नाहीत. की-वर्ड्सवर नकाशा काढला असता तर जुना काळ पुसटच राहिला असता. म्हणून शीर्षकांतले आणि जिथे सारांश मिळाला तिथे सारांशातले शब्द घेतले. लायडन विद्यापीठातल्या व्हॅन एक आणि वॉल्टमन यांनी बनवलेलं व्हॉसव्ह्यूअर नावाचं सॉफ्टवेअर हे काम मोफत करतं. एकमेकांसोबत येणारे शब्द जवळ आणून त्यांचे पुंजके ते रंगांनी दाखवतं.

हे पुंजके काळाच्या क्रमाने लावत गेले तशी त्या ज्ञानशाखेची गोष्टच उलगडत गेली. सुरुवातीच्या खंडांत कालश्रेणी, संभाव्यतेची प्रारूपं, आणि समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीच्या वागण्याचा अंदाज बांधण्याचा जुना प्रश्न. आपल्याकडेही तो रोजचा आहे. निवडणुकीच्या अंतिम निकालपत्रकातून, म्हणजे फॉर्म २० मधून, मतदानकेंद्रनिहाय मतं कळतात, त्या वस्तीत कोण राहतं ते ठाऊक असतं, आणि त्यावरून अमुक समाजाने अमुक पक्षाला मत दिलं असं लोक बेधडक सांगून मोकळे होतात. ते का सांगता येत नाही, आणि किती मर्यादेत सांगता येतं, यावर या जर्नलमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला. दोन हजार सालानंतर बेज पद्धती, म्हणजे आधीचा अंदाज नव्या माहितीने सुधारत नेण्याची पद्धत, पुढे येते. मार्टिन आणि क्विन यांचा २००२ चा लेख अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांचा वैचारिक कल १९५३ ते १९९९ या काळात कसा सरकत गेला ते मोजतो. २००७ पासून कार्यकारणभाव हा शब्द नकाशाच्या मध्यावर येऊन बसतो. त्यानंतर मजकुरालाच विदा (डेटा) मानणारे लेख, मग एकाच वेळी अनेक गुण बदलून लोकांची पसंती जोखणारे सर्वेक्षण-प्रयोग, मग छायाचित्रं. आणि २०२३ मध्ये भाषिक प्रारूपांकडून माणसांच्या नमुन्यासारखी उत्तरं मिळवता येतात का, हे तपासणारा आर्गाइल आणि सहकाऱ्यांचा लेख.

ग्रिमर आणि स्टीवर्ट यांचा २०१३ चा मजकूर-विश्लेषणावरचा लेख मी शब्दशः वाचून काढला. यंत्राने केलेलं वर्गीकरण माणसाच्या वाचनाला जोड देतं, त्याची जागा घेत नाही, आणि दर वेळी ते पडताळून पाहावंच लागतं, हा त्यांचा आग्रह. विधानसभेतल्या मराठी भाषणांवर असं काम कुणीतरी करावं अशी मला फार इच्छा आहे. विभक्ती आणि सामान्यरूपांमुळे आपल्या भाषेत एकेका शब्दाची कितीतरी रूपं होतात, त्यामुळे पडताळणीचा हा आग्रह मराठीसाठी दुप्पट लागू आहे.

आता सायटेशन्स. इम्पॅक्ट फॅक्टरचं सूत्र साधं आहे. एखाद्या वर्षात, जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या मजकुराला मिळालेली सायटेशन्स घ्यायची आणि त्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांच्या संख्येने भागायचं. वर्षाला चार अंक आणि मोजके लेख असलेल्या जर्नलमध्ये या भागाकाराचं काय होतं ते पाहा. समजा दोन वर्षांत ८० लेख आले आणि त्यातल्या एकाच लेखाला एका वर्षात १६० सायटेशन्स मिळाली. त्या एकट्या लेखाने जर्नलचा आकडा पूर्ण २ ने वर गेला. उरलेल्या ७९ लेखांचं त्यात काहीच कर्तृत्व नाही, आणि त्यांचा काही दोषही नाही.

'पोलिटिकल ॲनॅलिसिस'च्या बाबतीत हे प्रत्यक्ष दिसतं ते २०१२ च्या विसाव्या खंडात. हेनम्युलर यांचा एन्ट्रॉपी बॅलन्सिंगवरचा (तुलनेतले दोन गट सारखे व्हावेत म्हणून नोंदींना वजनं देण्याची पद्धत) लेख, इयाकस, किंग आणि पोरो यांचा जोड्या लावण्याच्या नव्या पद्धतीवरचा लेख, आणि ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या ऑनलाइन किरकोळ कामं करून घेण्याच्या संकेतस्थळावरून प्रयोगांसाठी माणसं मिळवणं कितपत विश्वासार्ह आहे हे तपासणारा बेरिन्स्की, ह्युबर आणि लेन्झ यांचा लेख, असे जर्नलमधल्या सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखांपैकी तीन या एकाच खंडात आहेत. हा खंड दोन वर्षांच्या खिडकीत होता तो २०१३ आणि २०१४ च्या इम्पॅक्ट फॅक्टरपुरता. हेनम्युलर यांची पद्धत लेखाशास्त्र आणि वित्त विषयाच्या संशोधकांनी मोठ्या प्रमाणात उचलली ती त्यानंतर. ती सगळी सायटेशन्स दोन वर्षांच्या हिशेबाबाहेर राहिली. पद्धत शिकायला, तिचं सॉफ्टवेअर यायला, ती वर्गात शिकवली जायला आणि मग दुसऱ्या विषयात पोचायला वर्षं लागतात. मॅडमचं समासातलं वाक्य मला इथे पूर्ण उमगलं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं काम आराखड्यात नव्हतं, तरी मी ते केलं. सर्वाधिक उद्धृत लेखांना ज्यांनी सायट केलं त्यांचे लेख उघडून ते नेमकं वाक्य वाचलं. संध्याकाळी ग्रंथालय बंद झाल्यावर तिथेच बसून वाचत असे. किंग आणि झेंग यांचा २००१ चा लेख युद्धासारख्या क्वचित घडणाऱ्या घटनांचा अंदाज बांधताना नेहमीचं समीकरण कुठे चुकतं ते सांगतो. त्याचे वापरकर्ते कोण? भूस्खलनाचा धोका कुठे आहे याचे नकाशे करणारे, दुर्मीळ प्राणी कुठे आढळतील ते शोधणारे, वैद्यकातले संशोधक. दरड कुठे कोसळेल हे शोधणाऱ्या माणसाच्या संदर्भयादीत राज्यशास्त्राचं जर्नल! हे पाहिल्यावर मला फार आनंद झाला. ज्ञान एका विषयातून दुसऱ्या विषयात कसं जातं ते त्या यादीत उघड दिसत होतं.

पण वाक्यं वाचताना दुसरी बाजूही दिसली. बहुतेक ठिकाणी हे सायटेशन 'पद्धती' या विभागात एका ओळीत येतं: अमुक पद्धत वापरली, कंसात नाव. मूळ लेखातल्या अटी पाळल्या का, याचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी. ब्रॅम्बर, क्लार्क आणि गोल्डर यांचा २००६ चा लेख तर याच दुखण्यावर आहे. दोन घटकांचा एकत्रित परिणाम दाखवणारी समीकरणं नामवंत जर्नल्समधले लेखकही कशी चुकीची वाचतात ते त्यांनी लेख तपासून दाखवलं आणि काय काय पाळायचं ते स्पष्ट लिहून दिलं. त्या लेखाला अफाट सायटेशन्स आहेत. म्हणून मी ती वाक्यं तीन गटांत लावली: पद्धत वापरणारी, पद्धतीवर चर्चा करणारी, आणि नुसता उल्लेख करणारी. तिसऱ्या गटाची जाडी पाहिली की सायटेशन म्हणजे प्रभाव हे समीकरण किती सैल आहे ते कळतं. आणखी एक ठळक गोष्ट: ज्या पद्धतींसोबत आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालींमध्ये चालणारं तयार सॉफ्टवेअर आलं, त्या लांब गेल्या. उत्तम कल्पना असूनही तसं सॉफ्टवेअर नसलेले लेख त्या मानाने जर्नलच्या वाचकांमध्येच राहिले.

मॅडमनी हे प्रकरण वाचलं आणि फोन केला. "सहलेखकत्वाची कोष्टकं परिशिष्टात टाक. हे आत घे." आमच्या प्रबंधांत सुब्रमण्यम यांचं १९८३ चं सहयोगाचं सूत्र (एकाहून अधिक लेखकांच्या लेखांचं प्रमाण) आणि लोटकाचा नियम (थोडे लेखक पुष्कळ लिहितात, बहुतेक एखादाच लेख लिहितात) हवेच, अशी पद्धत पडली आहे. सहयोगाचं सूत्र मी लावलं, त्यातून एकट्याने लिहिण्याकडून गटाने लिहिण्याकडे झालेला बदल दिसतो. लोटकाचा नियम मात्र लावला नाही.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. मी म्हटलं, "सर, लोटकांनी १९२६ मध्ये तो नियम रसायन आणि भौतिकशास्त्रातल्या लेखकांच्या एकूण लेखनावरून मांडला. मी एकच जर्नल घेतलंय. इथे तो लावला तर कोण लेखक याच जर्नलकडे किती वेळा परत आला एवढंच कळेल, त्याची उत्पादकता कळणार नाही." त्यांनी मान डोलावली आणि वाक्यांच्या वर्गीकरणावर बराच वेळ प्रश्न विचारले. गट ठरवताना दुसऱ्या कुणाकडून पडताळून घेतलं का, हा त्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. राज्यशास्त्राच्या सरांनी नमुन्यादाखल काही वाक्यं स्वतंत्रपणे लावून दिली होती. ती तुलना परिशिष्टात होती, ते पान मी उघडून दाखवलं.

आता आमच्या ग्रंथालयात प्राध्यापक "या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?" असं विचारत येतात तेव्हा मी आकडा देते, तो कोणत्या वर्षाचा ते सांगते, पाच वर्षांचा आकडा शेजारी ठेवते आणि त्यांच्या स्वतःच्या लेखाला कुणी सायट केलं ती यादी उघडून देते. सॅन फ्रान्सिस्कोच्या २०१२ च्या जाहीरनाम्याने जर्नलचा आकडा माणसाच्या मूल्यमापनाला लावू नका असं स्पष्ट म्हटलं आहे, त्याची प्रतही मी टेबलावर ठेवली आहे. काहीजण ती वाचतात.

माझ्या मागच्या वर्गातल्या एका मुलीने लोकनीती या निवडणूक-अभ्यास करणाऱ्या संशोधन उपक्रमाचं, २०१३ पासून निघणारं 'स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स' प्रबंधासाठी घेतलं आहे. तिला माझ्या फाइल्स दिल्या आहेत. दोन्ही जर्नल्सचे इम्पॅक्ट फॅक्टर एका कोष्टकात शेजारी मांडू नकोस, असं मी तिला सांगितलं, कारण तिथे लेख भारतीय राजकारण समजून घेण्यासाठी उद्धृत होतात, समीकरणासाठी नाही. दोन्ही आयएसएसएन आधी टिपून घे, प्रत्येक शोधाची तारीख आणि शोधलेले शब्द वहीत लिही, आणि पहिल्या आठवड्यापासूनच सायट करणारी वाक्यं वाचायला लाग, एवढं आमचं बोलणं झालं आहे.