सातपूरहून न्यूयॉर्कला, व्हाया फॉर्म ए-टू

बँकेतल्या साहेबांनी परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ए-टू उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मुलगा शिकायला आहे का तिकडे?"

"नाही. शेअर घ्यायचेत."

"अमेरिकेतले?" त्यांनी चष्मा काढला. "मग इथले काय वाईट आहेत, मॅडम?"

प्रश्न रास्त होता. दोन वर्षं मी तोच स्वतःला विचारत होते.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात. नवरा अंबडला नोकरीला, आणि त्यांचाही माल शेवटी गाडीतच जाऊन बसतो. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला. सकाळीच सर्किट लागून व्यवहार पाऊण तास बंद पडले होते. त्याच आठवड्यात देश बंद झाला, आणि एप्रिलमध्ये मारुतीची देशात एकही गाडी विकली गेली नाही. आमच्या दोघांच्या पगाराला कात्री लागली, फंडांचा तिसरा हिस्सा उडाला आणि विकायला काढलेल्या जुन्या फ्लॅटकडे कोणी फिरकेना. पगार, फंड, घर, पीएफ, आमची सगळी पिकं एकाच विहिरीवर होती. माझ्या आजोबांची निफाडला द्राक्षबाग होती आणि सिन्नरकडे कोरडवाहू चार एकर. गारपिटीने बाग झोपली की घरात सिन्नरची बाजरी यायची. आम्ही दोघांनी मात्र शिकून-सवरून सिन्नर विकलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

लॉकडाऊनमध्ये वाचायला वेळ मिळाला तेव्हा एक अडचण लक्षात आली. अमेरिकेचा एस अँड पी ५००, म्हणजे तिथल्या पाचशे बड्या कंपन्यांचा निर्देशांक, सुद्धा १९ फेब्रुवारीपासून जवळजवळ ३४ टक्के पडला होता, आणि त्याचा तळ लागला तो २३ मार्चलाच, म्हणजे आपला सेन्सेक्स आपटला त्याच दिवशी. तेव्हा माझ्याकडे अमेरिकेचे शेअर असते तरी अश्रू तेवढेच आले असते. बाजार आता एकमेकांना इतके बांधले गेलेत की खरी घबराट सुटली की सगळे एकाच दाराकडे धावतात. अॅपची जाहिरात हे सांगत नाही.

मग करायचं कशाला? आकडे लांबून पाहिले तेव्हा उत्तर मिळालं. १९९९ च्या अखेरीस एस अँड पी १,४६९ वर होता, २००९ च्या अखेरीस १,११५ वर. दहा वर्षं राबून अमेरिकन माणूस तोट्यात. त्याच दहा वर्षांत आपला सेन्सेक्स ५,००० वरून साडेसतरा हजारांवर गेला. जपानचं तर विचारूच नका. १९८९ च्या डिसेंबरात तिथल्या निक्केई निर्देशांकाने ३८,९१५ चा उच्चांक गाठला, आणि तो आकडा पुन्हा ओलांडायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षं! तिथल्या कुठल्या पगारदाराला १९८९ मध्ये हे कोणी सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. पुढची दहा वर्षं आपलीच आहेत असं आज आपल्याकडे ज्या खात्रीने बोलतात, त्याच खात्रीने तेव्हा टोकियोत बोलत असणार.

सुरुवात मी सोपीच केली होती, परदेशी फंडात पैसे गुंतवणाऱ्या इथल्याच एका म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक पैशांची एसआयपी. २०२२ च्या फेब्रुवारीत निरोप आला की नवे पैसे घेणं बंद. सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशी गुंतवणुकीची ७ अब्ज डॉलरची मर्यादा होती आणि ती भरत आली होती. नंतर फंड मधूनच उघडायचा, मधूनच मिटायचा. दळण टाकायला जावं आणि गिरणी बंद असावी, तसं. कंटाळून थेट जायचं ठरवलं.

थेट म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममधून. परदेशी संस्थांना आपल्या बाजारात १९९२ मध्येच प्रवेश मिळाला, पण तुम्हा-आम्हाला बाहेर जायची ही वाट २००४ मध्ये उघडली, तीही वर्षाला २५,००० डॉलरपुरती. आता मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. माझी उडी पहिल्या फेरीत दोन लाख रुपयांची होती, त्यामुळे मर्यादेची काळजी रिझर्व्ह बँकेलाही नव्हती आणि मलाही नव्हती.

अमेरिकेतले शेअर घेऊन देणाऱ्या ब्रोकरकडे खातं घरबसल्या उघडलं. त्यात एक फॉर्म येतो, डब्ल्यू-८ बेन. मी अमेरिकेची रहिवासी नाही आणि भारत-अमेरिका करारानुसार माझ्या लाभांशावर कर कापा, असं त्यात लिहून द्यायचं. तो भरला की २५ टक्के कापतात, नाही भरला तर ३०. हे कागद मन लावून भरा. तीन-चार वर्षांनी तो नव्याने द्यावा लागतो, तेही लक्षात ठेवा.

पैसे पाठवणं मात्र घरबसल्या जमलं नाही. माझ्या बँकेत फॉर्म ए-टू कागदावरच घेत होते. त्यावर पर्पज कोड लिहायचा, परदेशी शेअरसाठी एस०००१. साहेबांनी आधी शिक्षणाचा कोड घातला, मी खोडायला लावला. जुलै २०२२ मध्ये डॉलर नेमका ८० ला टेकला होता. बँकेने मला वर सव्वा रुपया लावून भाव दिला, शिवाय पाठवणी खर्च आणि त्यावर जीएसटी.

आणि पैसे परत आले.

बँकेत माझं नाव आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे तीन पदरी, माझं, नवऱ्याचं आणि आडनाव. ब्रोकरकडे फक्त माझं आणि आडनाव. दुसऱ्याच्या खात्यातून आलेले पैसे ते घेत नाहीत, आणि त्यांच्या लेखी मी दुसरीच बाई होते. नऊ दिवसांनी रक्कम माझ्या खात्यात उतरली, डॉलर विकायच्या पडक्या भावाने आणि मधल्या बँकेची दक्षिणा वजा होऊन. साडेचार हजारांना चुना. बँकेतल्या साहेबांचं म्हणणं, "आम्ही तुम्ही दिलेलंच लिहिलं." ब्रोकरकडच्या मुलाचं म्हणणं, "सूचनांमध्ये आहे, मॅम." ब्रोकरकडचं नाव पॅन कार्डाप्रमाणे दुरुस्त केलं आणि दुसऱ्या खेपेला पैसे पोचले.

खरेदीला चार मिनिटं लागली. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात न्यूयॉर्कचा बाजार आपल्या संध्याकाळी सातला उघडतो. एकीकडे कुकर लावून मी व्हॅनगार्डच्या टोटल वर्ल्ड ईटीएफचे, म्हणजे शेअरसारख्या बाजारात मिळणाऱ्या फंडाचे, युनिट घेतले. एका कागदात साऱ्या जगातल्या हजारो कंपन्या, त्यात साठ टक्क्यांच्या आसपास अमेरिका. नंतर यादी चाळली तर आत रिलायन्स! एवढे सोपस्कार करून, डॉलर विकत घेऊन, मी मुकेशभाईंचाच तुकडा न्यूयॉर्कहून आणला होता. नवरा दोन दिवस हसत होता.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी जुलैत, रिटर्न भरताना. साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो, आणि त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचं पान. परदेशातली प्रत्येक खरेदी वेगळी लिहायची: घेतली तेव्हाची किंमत, वर्षातली सर्वांत जास्त किंमत, वर्षअखेरची किंमत, सगळं रुपयांत, स्टेट बँकेच्या टीटी बाइंग दराने, म्हणजे बँक डॉलर विकत घेते त्या भावाने. आणि हे वर्ष जानेवारी ते डिसेंबरचं! बाकी रिटर्न एप्रिल ते मार्चचं, हे एकच पान इंग्रजी कॅलेंडरचं. मी फेब्रुवारी २०२३ मधली खरेदीही त्यात घातली, आणि किमती ३१ मार्चच्या. आमच्या सीएंनी आधी काही पाहिलं नाही, नंतर पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी असलं काही करण्याआधी विचारत जा." डिसेंबरअखेरच्या मुदतीच्या आत सुधारित रिटर्न भरलं. तिकडे कापलेल्या कराची वजावट मिळायला फॉर्म ६७ लागायचा, तो वेगळाच. माझा वर्षाचा लाभांश बावन्न डॉलर, त्यावर कापलेला कर तेरा डॉलर, आणि त्यासाठी सीएंची फी तीन हजार रुपये.

ही माहिती दडवली तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या शेअर-खात्यांना यातून सूट आहे, पण पान भरायचंच. त्याच नोव्हेंबरात आयकर खात्याने लोकांना परदेशी मालमत्तेबद्दल एसएमएस पाठवायला सुरुवात केली. मला आला तेव्हा मी खरेदीच्या मीटिंगमध्ये होते. पुरवठादार काय भाव सांगत होता, देव जाणे. घरी येऊन फाईल काढली, सगळं भरलेलं होतं.

मधल्या काळात पैशांचं काय झालं? २०२२ हे आख्खं वर्ष पाहिलं तर एस अँड पी १९ टक्क्यांनी उतरला आणि आपला निफ्टी ४ टक्के वर. पण डॉलर ७४ वरून पावणेत्र्याऐंशीवर गेला, त्यामुळे रुपयांत मोजली तर अमेरिकेची तूट दहाच टक्के भरते. डॉलरची ही जोड मला आधी कळलीच नव्हती, आणि आज मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. मुलगी बाहेर शिकायला गेली तर फी रुपयांत थोडीच भरायची आहे?

५ ऑगस्ट २०२४ चा सोमवारही आठवतो. बँक ऑफ जपानने पाच दिवस आधी व्याजदर पाव टक्क्यावर नेला होता, स्वस्तातले येन उसने घेऊन जगभर लावलेले पैसे लोक काढू लागले, आणि निक्केई एका दिवसात १२ टक्के पडला. सेन्सेक्स २,२२२ अंकांनी खाली. संध्याकाळी न्यूयॉर्कही लाल. टोकियोच्या पाव टक्क्याने सातपूरच्या बाईचे दोन्ही खिसे एकाच दिवशी कापले. २०२० मधल्या वाचनामुळे त्या रात्री मी काही विकलं नाही, एवढंच.

एक गोष्ट मी नवऱ्याला लिहूनच दिली आहे. अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर गेली आणि मी गेले, तर तिथला वारसा कर लागतो, ४० टक्क्यांपर्यंत. मी त्या आकड्याच्या खूप खाली आहे आणि तिथेच राहणार आहे. त्याने वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे तू जास्त श्रीमंत झालीस की मला तोटा."

मागच्या महिन्यात स्टोअर्समधल्या एका सहकाऱ्याला हे सगळं करायचं होतं. मी फाईल दिली. त्याने जेवणाच्या सुट्टीत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, ए-टू, बँकेची पत्रं, डब्ल्यू-८, टीटी दरांचे तक्ते, दोन रिटर्न, फॉर्म ६७, आणि विचारलं, "मॅडम, यात शेअर कुठला घ्यायचा ते कुठे लिहिलंय?"

पान ३४ वर, एका ओळीत आहे.