तुम्ही विचारलंत म्हणून: रिकंबंटचे गिअर घाटात बिघडले तर?

सिग्नलला शेजारी थांबलेला दुचाकीवाला विचारतो, ताम्हिणीत चहाला थांबलं की टपरीवाले काका विचारतात, आणि पुण्यातले सायकलवाले तर हमखास विचारतात: "काकू, ही मागे रेलून चालवायची सायकल, एवढी लांब चेन. घाटात गिअर बिघडले तर करता काय? दुरुस्त कोण करून देतं?" रस्त्यात उभ्या उभ्या मी "होतं दुरुस्त" एवढंच सांगते. पण विचारणाऱ्यांपैकी काहींच्या मनात स्वतःच अशी सायकल घ्यायचं असतं आणि चेनकडे बघून त्यांचा हात आखडतो. त्यांच्यासाठी हे सविस्तर उत्तर.

आधी भीती कमी करते. रिकंबंटच्या, म्हणजे या रेलून चालवायच्या सायकलच्या, मागच्या भागात कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच), डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा) आणि केबल (गिअरची तार) अशा त्याच वस्तू असतात ज्या कुठल्याही गिअरच्या सायकलीला असतात. पुढे बूमच्या, म्हणजे सीटच्या पुढे निघालेल्या दांड्याच्या, टोकाला पेडल आणि चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), तीही तशीच. याला इतिहासातलं एक कारण आहे. १९३३ साली फ्रान्सिस फॉर हा सायकलपटू पॅरिसमध्ये शार्ल मोशे यांनी बनवलेल्या रिकंबंटवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्या अशी केली की रिकंबंट शर्यतींतून बाहेर गेली. शर्यत नाही म्हणून मोठ्या कारखान्यांनी तिच्यासाठी वेगळे गिअर घडवायचं कारणच उरलं नाही. ती आजही नेहमीच्या सायकलींच्याच सुट्या भागांवर चालते, आणि आपल्यासारख्या टूरवाल्यांसाठी हे फार सोयीचं आहे.

वेगळं आहे ते मधलं. पेडल पुढे, चाक मागे, मध्ये सीट. चेनला सीटखालून न्यायचं म्हणून वाटेत आयडलर नावाची कप्पी असते आणि कपडे-पाय काळे होऊ नयेत म्हणून चेन प्लास्टिकच्या नळ्यांतून जाते. माझ्या सायकलला २८० कड्यांची चेन आहे. बाजारात एक चेन साधारण ११६ कड्यांची मिळते, म्हणजे दोन अख्ख्या आणि तिसरीचा तुकडा जोडून ती झाली. कडी अर्ध्या इंचाची, त्यामुळे एकूण लांबी साडेतीन मीटरहून थोडी जास्त. लांब चेनमुळे बिघाड वाढत नाहीत. बिघाड शोधायचा पट्टा मात्र वाढतो, आणि खरं कौशल्य त्या शोधण्यात आहे.

म्हणून पान्याला हात लावायच्या आधी मी मोजते. कटकट पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा होत असेल तर दोष पुढे आहे: पेडल, क्रँक (पेडलचा दांडा), चेनरिंगचे बोल्ट. चाकाच्या फेरीबरोबर होत असेल तर मागे. आणि बराच वेळ शांतता, मग एकदम एक झटका, पुन्हा शांतता, असं असेल तर चेनचीच एखादी कडी आखडली आहे किंवा तिची पिन बाहेर सरकली आहे. माझी चेनरिंग ४० दातांची. २८० भागिले ४० म्हणजे सात. पेडलच्या दर सात फेऱ्यांनी तोच झटका आला की शंकाच नको. मिनिटाला ७० फेऱ्यांनी चालवत असाल तर हे दर सहा सेकंदांनी होईल. साध्या सायकलवर चेनची फेरी यापेक्षा खूप लवकर पूर्ण होते, त्यामुळे तिथे सवय झालेल्या कानाला रिकंबंटवरचा हा झटका "मधूनच, कसाही" येतोय असं वाटतं आणि लोक डिरेलरचे स्क्रू पिळत बसतात. तुमच्या चेनच्या कड्या आणि चेनरिंगचे दात घरीच मोजून भागाकार करून ठेवा. आखडलेली कडी सापडली की ती दोन्ही हातांनी आडवी वाकवून मोकळी करायची, तेलाचा थेंब द्यायचा. पिनच बाहेर आलेली असेल तर ती कडी काढून तिथे क्विक लिंक, म्हणजे उघडता-लावता येणारी जोडकडी. क्विक लिंक आपल्या चेनच्या स्पीडचीच, म्हणजे मागे जितक्या चकत्या तितक्याच आकड्याची हवी. नऊ स्पीडची दहाला चालत नाही.

मधल्या भागावर थोडी जास्त वेळ थांबते, कारण कोकणात उतरलं की खरा त्रास इथे सुरू होतो. ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट आणि पुढे दापोलीकडे, हा माझा आवडता रस्ता. त्यावर जांभ्याची लाल धूळ आहे आणि किनाऱ्याला वाळू. ही धूळ तेलकट चेनला चिकटून नळीत शिरते आणि तिथेच साठते. मग चेन खरखरते, पाय जड होतात, आणि सीटच्या बरोबर खालून आवाज येत असल्यामुळे वाटतं की बेअरिंगच गेलं. अशा वेळी आधी नळी बघा. नळी एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असायला हवी. कुणी नेटकेपणाच्या नादात दोन्ही टोकांना टाय मारून बांधली की ती मधे वाकते आणि चेन कडेला घासते. टोक झिजून काळी भुकटी पडत असेल तर सेंटिमीटरभर कापून कड गुळगुळीत करायची.

नळी साफ करायला चेन बाहेर ओढायची वेळ आली तर क्विक लिंक उघडून चेनच्या टोकाला आधी मजबूत दोरी बांधा आणि मगच ओढा. चेन बाहेर येते, दोरी नळीत राहते. तिच्याच मदतीने चिंधी फिरवता येते आणि चेन परत ओवता येते. ओवताना चेनला पीळ पडू देऊ नका. नळीत पीळ दिसत नाही, आणि अर्धा पीळ पडला तरी चेन जोडली जाते, पण नंतर ती आयडलरवरून सारखी उतरते. कड्यांवर एका बाजूला छाप असेल तर ती बाजू दोन्ही टोकांना बाहेरच आहे ना, एवढं पाहून मग जोडा.

आयडलरचंही असंच. वरची, ओढीची चेन ज्या आयडलरवरून जाते त्याच्यावर तुमच्या पायांचा सगळा जोर येतो. खालच्या, परतीच्या आयडलरवर फारसा काहीच नाही. म्हणून जोर लावला की आवाज आणि पाय सोडले की शांत, असं झालं तर वरचा तपासायचा. काही आयडलर आसावर थोडे आडवे सरकतात, म्हणजे चेन मोठ्या चकतीवर गेली की तेही आत सरकतात. आसावर चिखल वाळला की हे सरकणं थांबतं आणि नेमक्या चढावर, सगळ्यात हलक्या गिअरला चेन उतरते. तिथे डिरेलरचा काडीचाही दोष नसतो.

बूमची गोष्ट साध्या सायकलवाल्यांना माहीत नसते. माझा भाचा माझ्यापेक्षा बराच उंच. तो ही सायकल नेतो तेव्हा पाय पुरावेत म्हणून बूम पुढे सरकवावा लागतो. बूम तीन सेंटिमीटर पुढे गेला तर वरची चेन तीन आणि खालची तीन, मिळून सहा सेंटिमीटर चेन जास्त लागते. त्याला मी आधीच पाच कड्यांचा तुकडा आणि जास्तीची क्विक लिंक देते. ते न करता मोठी चेनरिंग आणि मोठी चकती एकत्र लागली तर डिरेलर ताणून पुढे खेचला जातो, आणि हँगर तुटायला एवढं पुरतं. कुणाची रिकंबंट चालवायला मागून आणलीत तर बूम हलवल्यावर हे मोठ्यावर-मोठं एकदा हाताने फिरवून बघा.

आता गिअर नीट न पडण्याबद्दल. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर केबल सैल आहे. बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करणारी फिरती टोपी) अर्धी फेरी बाहेर काढा, बघा, पुन्हा अर्धी. पण मोठ्यावर ठीक चढते आणि छोट्यावर उतरायलाच वेळ लावते, हे रिकंबंटवर जास्त दिसतं. चढवायला तुमच्या हाताचा जोर असतो, उतरवायचं काम एकट्या स्प्रिंगचं. दोन मीटरहून लांब, चार ठिकाणी वळलेल्या आउटरमध्ये (केबलवरच्या वेष्टणात) गंज किंवा धूळ असली की स्प्रिंग हरते. तिथे ॲडजस्टर फिरवून काही होत नाही. आउटरचा शेवटचा, डिरेलरजवळचा तुकडा आधी बदला, कारण पाणी आणि चिखल सगळ्यात जास्त तोच खातो. आणि आउटर गिअरचाच हवा. ब्रेकच्या आउटरमधली तार गोल गुंडाळलेली असते, ती दाबली जाते. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात. वाटेतल्या दुकानात चांगल्या मनाने ब्रेकचा आउटर घालून देतात आणि मग एकही गिअर जागेवर राहत नाही.

हँगर बघायचा तो मागून, एक डोळा मिटून. डिरेलरच्या दोन छोट्या चक्रांची रेघ वरच्या चकतीशी सरळ आहे ना? फेरीबोटीवर गर्दीत सायकल उजव्या अंगावर कलली असेल तर ती तिरकी दिसेल. मग केबलशी खेळण्यात अर्थ नाही. सुटा हँगर माझ्या पिशवीत कायम असतो, कारण तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो.

लिमिट स्क्रू (चेन टोकाच्या चकत्यांपलीकडे जाऊ न देणारे डिरेलरचे स्क्रू) मात्र रस्त्यात फिरवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. ते एकदा नीट लावले की सहसा आपोआप हलत नाहीत. केबल ताणली जाते, आउटर गंजतो, हँगर वाकतो, चेन झिजते. काल चांगली चालणारी सायकल आज बिघडली तर या हलणाऱ्या गोष्टींपैकीच एक बदललेली असते. स्क्रू फिरवलात की एका बिघाडाचे दोन होतात. याला अपवाद एकच: केबल तुटली. तेव्हा स्प्रिंग चेनला सगळ्यात छोट्या चकतीवर नेऊन ठेवते आणि त्या गिअरवर चढ चढणं अशक्य. रिकंबंटवर उभं राहून शरीराचा भार पेडलवर टाकता येत नाही. मग एच लिहिलेला स्क्रू आत पिळून चेन एक-दोन चकत्या वर रोखायची आणि चढाला उतरून ढकलायचं. त्याहून बरं म्हणजे लांब इनर केबल, म्हणजे आउटरच्या आतली तार, सोबत ठेवणं. साधारण दुकानात मिळणारी दोन मीटरच्या आसपास असते आणि ती आपल्याला अपुरी पडते. टँडम (दोघांनी चालवायच्या) सायकलची तीन मीटरची पुण्याहूनच घेऊन निघा.

एक व्यावहारिक अडचण कुणी सांगत नाही. पेडल पुढे आणि डिरेलर मागे, त्यामुळे एकट्याला हाताने पेडल फिरवून डिरेलर बघता येत नाही. मी सामान बांधायची दोरी झाडाच्या फांदीवरून टाकून सीटची मागची बाजू उचलून बांधते. कोकणात आंबा-फणस नाही अशी जागा विरळा. गावातलं एखादं पोर आनंदाने पेडल फिरवतं आणि मी मागे बसून बघते.

चेनची झीज स्टीलच्या पट्टीने मोजा. २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. त्या एक सोळांश इंचाने वाढलेल्या दिसल्या की चेन बदलायची, एक अष्टमांश झाल्या तर बहुधा कॅसेटही गेली. लांब चेनची झीज जास्त कड्यांत वाटली जाते, म्हणून ती जास्त टिकते, पण तुकडे वेगवेगळ्या वेळी जोडलेले असतील तर दोन-तीन ठिकाणी मोजायला हवं.

आणि "दुरुस्त कोण करून देतं?" याचं उत्तर: मागची बाजू पुण्यातला गिअरच्या सायकलीचा कुठलाही चांगला मिस्त्री करतो. "गिअर बघा" असं मोघम सांगू नका. "छोट्या चकतीवर उतरताना अडतंय, हँगर सरळ आहे, आउटर जुना आहे," असं सांगा, तो दहा मिनिटांत मोकळा करेल. मधला भाग तुम्हालाच शिकावा लागेल. टूरच्या आधीच्या रविवारी सगळं सामान लादून खडकवासल्यावरून डोणज्यापर्यंत जा आणि सिंहगडाच्या गाडीरस्त्याचा थोडा चढ हलक्या गिअरवर चढा. दुकानात स्टँडवर सुरेख पडणारे गिअर जोराखाली कसे वागतात ते तिथे कळेल, आणि काही निघालंच तर घर तासाभराच्या अंतरावर असेल.